वृंदाच्या पुरस्काराचा फोन

आमच्या वृंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, तत्त्वज्ञानाचा पुरस्कार मिळाल्याचं कळलं कसं, ते ऐका आधी, चहा नंतर घ्या.

अबुधाबीत "तुम्हाला बक्षीस लागलंय" असे फसवे फोन नेहमीचेच. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये आम्ही सामान गाडीत भरत होतो, तेवढ्यात वृंदाचा फोन वाजला. एक गृहस्थ म्हणाले, "अभिनंदन मॅडम! तुम्हाला पुरस्कार मिळालाय."

बायको कडाडली, "लाज नाही वाटत? आता मराठीतूनही फसवायला लागलात! बस, खलास!"

तिनं फोन कापला. तो परत वाजला. या वेळी तिनं पोलिसांची धमकी दिली आणि नंबर ब्लॉक केला.

मग माझा फोन वाजला. पुण्याहून तिच्या पीएचडीच्या गाइड, जोशीबाई. "अहो, निवड समितीचे अध्यक्ष घाबरलेत! वृंदाच्या प्रबंधाला पुरस्कार मिळालाय, खराखुरा!"

वृंदा ट्रॉली सोडून तिथंच रडायला लागली. आमची मुलगी ओरडली, "ममा, यू वॉन!"

डोळे पुसून वृंदानं अध्यक्षांना फोन लावला आणि चार वेळा माफी मागितली. ते खळखळून हसले.

"अहो, तुमचा प्रबंधच आहे 'अनोळखी माणसावर विश्वास का ठेवावा' यावर! तो वाचला होता, म्हणून तर दुसऱ्यांदा फोन करायचं धाडस केलं."