हत्तीपासून बेडकापर्यंत

नाही, मला सांगा, लाकडाच्या बोटभर तुकड्याला चार पाय असले म्हणजे तो लगेच प्राणी होतो का? पण लोकांना कोण सांगणार… मी एका दुकानात जुन्या वस्तूंची पारख करतो, हाताने कोरलेले लाकडी प्राणी हा माझा खास प्रांत, आणि तुम्हाला सांगतो, उभी हयात गेली पण जनावर ओळखणं सोपं नाही. उलटं करून पोट बघा, पाय एकाच लाकडातले की मागून चिकटवलेत ते बघा, खूण सुरीची की यंत्राची ते बघा, आणि एवढं करून समोरची बाई म्हणणार, "मी घासणीने लख्ख घासून आणलंय हो, आता जास्त येतील ना?" जास्त? होते तेही साबणाबरोबर मोरीत गेले की, बाई.

पण गिऱ्हाईक परवडलं, सासर नको. सासरे गेले, सासूबाई थोरल्या मुलाकडे राहायला निघाल्या, आता घराची वाटणी, म्हणून दोन मेहुणे आणि आमची ही असे सगळे जमलेले. मी आपला कोपऱ्यात चहा पीत बसलेलो, जावयाने वाटणीत तोंड घालू नये एवढी अक्कल मला आहे… तर थोरल्याने बुटांचा एक खोका आणून माझ्या पुढ्यात उपडा केला. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर कोरलेले प्राणी. "तुमचंच खातं ना हे? सांगा काय ते."

आता काय सांगू? एकतरी ओळखू यावा की नाही? एक उचलला, फिरवला, भिंग लावलं, म्हटलं, "शेळी?"

सासूबाई म्हणाल्या, "हत्ती."

"सोंड कुठाय?"

"तुटली. मग म्हणाले, गाय करतो. शिंग मोडलं, मग म्हणाले गाढव. कान गेला…"

"मग?"

"मग बेडूक म्हणाले. रंग तेवढा द्यायचा राहिला."

सगळा खोका असाच हो! एकेका लाकडात चार-चार जन्म. म्हणून म्हणतो, जनावर ओळखणं सोपं नाही.

थोरला म्हणाला, "म्हणजे कचराच. टाकून देऊ." सासूबाई तो बेडूक हातात घेऊन बसल्या, मग हळूच म्हणाल्या, "रोज संध्याकाळी पुढ्यात धरायचे, काय दिसतंय गं, म्हणायचे. मी म्हणायचे, हत्तीच दिसतोय."

मला भरून आलं. खरंच भरून आलं. धंद्यात आजवर खोटी किंमत सांगितली नाही, भल्याभल्यांना तोंडावर "लाकूड आहे, जाळा" म्हटलंय, पण त्या बाईकडे बघून जीभ वळेना. भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि सुटलो… काय तो हात, काय ती रेषा, एका लाकडातून चार जनावरं काढणारा माणूस मी पाहिला नाही, जाणकार तुटून पडतील. थोरल्याने विचारलं, "किती येतील?" मी तोंडाला येईल तो आकडा ठोकून दिला. सासूबाईंचा चेहरा असा उजळला म्हणता…

थोरला म्हणाला, "एवढ्यात तर हे घर येईल."

"येईल की," मी म्हणालो. माझी जीभ!

"तुमचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, जावईबापू. मग झालं तर. हा खोका बहिणीला, घर आम्हा दोघा भावांना. तिच्याकडे चार पैसे जास्तच जातायत, पण जाऊ दे, बहीण आहे."

मी तोंड उघडलं. सासूबाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मिटलं. जनावर ओळखणं सोपं नाही, आणि मेहुणा ओळखणं तर त्याहून नाही.

खोका आता आमच्या कपाटावर असतो. ही माझ्याशी कामापुरतं बोलते. थोरल्याचा मात्र न चुकता फोन येतो, "जावईबापू, विकलं नाहीत ना? घाई करू नका, थांबा, अजून भाव चढेल."

मी म्हणतो, थांबलोय.