दुसरी भाकर

धुळ्याच्या दवाखान्यात बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या हेमांगीला शेजारच्या मायलेकाचं बोलणं ऐकू येत होतं.

"साखर चारशे! माय, इन्सुलिनची सुई का सोडली?"

"सुई लिधी का भूक लागस, भाऊ. वजनबी वाढनं."

"मग सांगायचं ना! डॉक्टर आताच म्हणाले, ती भूक औषधाची आहे."

"तूच त्या दिन जेवतांना म्हणना, 'भाकरीनं टोपलं झाका, मायनं पोट शे का कणगी?' घरना बठ्ठा हासनात."

"गंमत केली गं."

"मीबी हासनू ना. पन मंग दुसरी भाकर मांगाले लाज वाटनी."

"…आज मी वाढतो, माय. पोटभर जेव."

"हळू बोल. ती बाई ऐकी राहिनी."

हेमांगीने बाळाचं टोपडं उगाचच नीट केलं.