राणी डबक्यात बसली

आमची राणी कशी गेली, ते सांगितलंच न्हाई का तुला? अरे, राणी म्हंजे आमचं खेचर. दिंद्रुडजवळच्या भट्टीवरनं विटा वाहायची. त्या दिशी मी तिची दोरी धरून पुढं चाललोतो, बायको मागं. वाटंत माझ्या चपलीचा पट्टा तुटला. मी दोरी सोडून खाली बसलो, तर राणी आपली पुढं गेली, डबक्यात शिरली आन् एकदम बसलीच.

मी वरडलो, "ऊठ गं, कशापायी बसलीस?" कान धरून उठवायला निघालो, तर बायकोनं मागून शर्ट धरून असं वढलं की मी चिखलात आदळलो.

"येडी झालीस का?"

तिनं नुसतं बोट दाखवलं. खांबावरची तार तुटून डबक्यात पडलेली. राणीचे डोळे उघडेच होते.

लाइनमननं येऊन करंट बंद केला. म्हणाला, "आता लावा हात." पर माझा हात काय पुढं होईना. शेवटी बायकोच डबक्यात उतरली आन् राणीच्या पाठीवरच्या विटा काढाय लागली.

मी म्हणलं, "अगं, आता कशाला?"

म्हणाली, "ती गेली, पर वझं अजून तिच्याच पाठीवर हाय."