सकाळी सातची धपधप

हॅलो? … हां ताई, बोल. थांब, शिलाई मशीन बंद करते, तुझं काही ऐकू येत नाहीये… हां, आता बोल.

हो, वाचनालयाला कुलूप होतं काल. … तुला कोणी सांगितलं? … बरं. … नाही, परत नाही फिरलो आम्ही. कशाला फिरू?

अगं ऐक ना. दर शनिवारी चार वाजता आपल्या गल्लीतली माणसं आणि ती परमुलखातून राहायला आलेली माणसं समोरासमोर बसतात. एकमेकांची दहा-दहा वाक्यं शिकतात. बास. त्याला खोलीच लागते असं कुठे लिहिलंय? पायऱ्यांवर बसलो. न्हाव्याने दुकानातल्या खुर्च्या आणून दिल्या, फिरती तेवढी सोडून.

… नाही, बंद नाही करणार. … ताई, तू तिसऱ्यांदा तेच सांगतेयस. … म्हणू दे लोकांना. दोन वर्षं फुकट राबतोय, एवढ्या-तेवढ्याने उठून जाणाऱ्यातले आम्ही नाही.

ज्या तक्रारीवरून कुलूप लागलं ती कोणी केली ते माहीत आहे मला. … अगं, ग्रंथपाल बाईंनी अर्जच दाखवला. 'बाहेरच्या लोकांची वर्दळ वाढली आहे.' चौदा सह्या. पहिली कोणाची, सांगू? … तुझ्या नवऱ्याचं अक्षर मी ओळखत नाही होय? माझ्या दुकानाची पाटी भाऊजींनीच रंगवून दिलीये.

… नाही, चिडले नाहीये. चिडले होते काल, तीन ते चार. चारला माणसं आली, मग वेळच मिळाला नाही.

… आणि त्यांचं दुखणं काय आहे तेही ठाऊक आहे. वरची धपधप. … हो, सकाळी सात. … हो, डोक्यावर हातोडा मारल्यासारखी. तीन महिने ऐकतेय मी हे तुझ्याकडून. … तेच सांगतेय, मधे बोलू नकोस. काल तुमच्या वरच्या मजल्यावरची बाई आली होती. … तीच. पहिल्यांदाच आली. बेकरीवालीने आणलं तिला ओढून. बेकरीवालीला दोन्हीकडचं बोलता येतं.

काल घड्याळ शिकवत होतो. किती वाजता उठता, किती वाजता काय करता, असं. ही उभी राहिली आणि म्हणाली, 'सकाळी सात. नवरा. चाल.' तीनच गोष्टी. मला वाटलं, नवरा चालत कामावर जातो. मी आपली म्हटलं, छान, छान. तर ती मान हलवतेय. मग तिने खुर्ची पाठीकडून धरली, उचलली, पुढे टेकवली. धप. मग एक पाय ओढत आणला. परत खुर्ची उचलली. धप.

… हो, ताई.

… हो. तोच आवाज.

नवऱ्याला झटका आला. उजवं अंग गेलं. इथे येऊन पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. डॉक्टरांनी सांगितलंय, वॉकर धरून रोज चालवा. आणि ही आठला घर सोडते, इस्पितळाच्या चादरी धुवायच्या कामावर आहे. म्हणून सात.

… तुमच्या दाराशी तीनदा आली होती ती. … अगं, हेच सांगायला. आवाज होतो, माफ करा, असं त्यांच्या लिपीत लिहून आणलं होतं बिचारीने. भाऊजींनी दार लावून घेतलं. … नाही, तुझ्याबद्दल वाईट नाही बोलली. 'खालची बाई जिन्यात हसते,' म्हणाली. … रडतेस काय? डोळे पूस.

… काय? … भाऊजी तिथेच बसलेत? … म्हणजे सगळं स्पीकरवर चाललंय? … असू दे. बरंच झालं. दे त्यांना.

भाऊजी, नमस्कार. … हो. … हो, अक्षर न् अक्षर खरं. … नाही, अर्ज मागे घ्या असं मी म्हणतच नाहीये. सही तुमची, मर्जी तुमची. मी शनिवारी पायऱ्यांवर आहे. पाऊस आला तर माझ्या दुकानात, कापडाचे गठ्ठे माळ्यावर टाकू. पायऱ्यांवरून उठवलं तर फुटपाथवर. … धमकी कसली? वेळापत्रक सांगतेय.

… काय विचारलंत? … तीन महिने झाले म्हणाली, चालायला लागून. … फरक पडतोय का? तेच तिला कळत नाही, भाऊजी. रोज समोर असलेल्या माणसातला फरक कुठे दिसतो? आणि कामाची घाई. पावलं मोजायला सवड कोणाला आहे?

… तुम्ही मोजलीत? … कसली वही? … पुरावा म्हणून. रोजचे आवाज, तारीखवार. … भाऊजी, जरा वाचा ना. … नाही, आत्ता. आणा.

… हां. पहिल्या दिवशी चार. … चार. … सहा. … परत चार. … मधे दोन दिवस काहीच नाही. … मागच्या महिन्यात अकरा. … आणि आज सकाळी?

… सव्वीस.

… काय म्हणालात, तिला हे माहीत असेल का?

… नाही हो, तिला कुठलं माहीत असायला. बेकरीवालीला नाही, डॉक्टरांनाही नाही. हे फक्त तुमच्याकडे आहे. … भाषा कशाला लागतेय? रेघा मारा. चार रेघा, त्याच्याखाली सव्वीस. कोणालाही कळेल. … ते तुमचं तुम्ही बघा, मी काही आग्रह… हॅलो?

… ताई? तू कशी आलीस फोनवर? भाऊजी कुठे गेले? … वर? आत्ता? … वही घेऊन? … काय म्हणाले जाताना? … 'वॉकरला खाली रबरी बूच बसवायला सांगतो'? सांगू दे. काहीही सांगू दे, दार तरी वाजवतायत.

… तू पण जा. … काय बोलू म्हणजे? काही बोलू नकोस, नुसती जाऊन उभी राहा. … अगं, गॅस मी इथून बंद करू का? तू कर, आणि जा. … हो, शनिवारी चार. अर्ज तसाच राहिला तरी चारच. … जा गं ताई. ठेवते मी.