चार पट्ट्या, आठ स्क्रू

माझं नाव सुजाता, वय सत्तेचाळीस. जन्म अलोऱ्याच्या वसाहतीतला. गाव आमचं तिथून चार किलोमीटर वर डोंगरात, पण बाबा वीजघरात हेल्पर होते म्हणून दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालेलं आणि आम्ही तीन भावंडं तिथंच वाढलो. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा बाबा पाच-सहा वर्षांचे, शाळेत घातले ते त्यानंतर. आजोबा सांगायचे शिका, आणि बाबा आम्हाला सांगायचे शिका आणि मोजा. मोजा म्हणजे काय, तर बाबा यंत्रावर कामाला जाताना हत्यारं मोजून आत न्यायचे आणि मोजून बाहेर आणायचे. पाने किती, पक्कड किती, नट किती, सगळं. एक नट आत राहिला तर काय होतं ते त्यांनी बघितलेलं होतं म्हणे, काय ते मात्र कधी सांगितलं नाही. घरी आले की आई चहा ठेवायची आणि विचारायची, आत किती गेले, बाहेर किती आले, ते म्हणायचे बरोबर, मग चहा. आमच्या घरात इकडचं तिकडचं बोलणं कमी आणि हे जास्त.

तर मी रत्नागिरीला आयटीआय केलं, इलेक्ट्रॉनिक्स, वर्गात आम्ही मुली तीन. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि पंधरा वर्षं मी कंत्राटदारांच्या हाताखाली केबल ओढल्या. दुकानं, बँका, पतपेढ्या, एक मासळीचं कोल्ड स्टोरेज, कुठं कुठं म्हणून सांगू. केबलच्या टोकाला आठ तारा असतात, त्यांचा रंगांचा क्रम ठरलेला, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, असा, तो मी भाकऱ्या थापताना म्हणायचे, म्हणून मुलगी दीड वर्षाची असताना मामा म्हणायच्या आधी नारिंगी म्हणाली. आमचे हे अजून हसतात त्याला.

नऊ वर्षांपूर्वी मला इथं रत्नागिरीतल्या एका खासगी रुग्णालयात काम मिळालं, कंत्राटावर, दर वर्षी नवीन कागद. तिथं कदमकाका होते. लांज्याकडचे, तेव्हा पंचावन्नचे, अंगानं बारीक, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर. अख्ख्या रुग्णालयाचं नेटवर्क तो एक माणूस सांभाळायचा. पहिल्या दिवशी मला म्हणाले, काय गो बाय, केबल किती ओढल्यास आजवर. मी म्हटलं, मोजल्या तेवढ्या सांगू की सगळ्या. ते हसले नाहीत, म्हणाले, मोजल्या तेवढ्या. मला तेव्हाच कळलं हा माणूस आपल्यातला आहे.

त्याच महिन्यात तो मोठा स्विच आला. आता स्विच म्हणजे तुम्हाला भिंतीवरचं बटण वाटेल, तर तसं नाही. रुग्णालयातले सगळे संगणक, एक्स-रे, लॅब, औषधाचं दुकान, सगळ्यांच्या तारा ज्या एका ठिकाणी येतात ते हे यंत्र. कुणाचा निरोप कुणाला द्यायचा ते हे ठरवतं, पोस्टमनसारखं, पण एका सेकंदात लाखो पत्रं. छोटे स्विच म्हणजे एक बंद डबा, बिघडला की फेकायचा. हा तसा नव्हता. हा कपाटासारखा, दहा खणांचा. खणात कार्ड सरकवायचं, एका कार्डाला अठ्ठेचाळीस तारा. आमच्यात सहा खण भरलेले, दोन खणांत मेंदू आणि चार खणांत तारांची कार्डं, आणि उरलेले चार खण मोकळे, पुढं वाढ झाली तर म्हणून. मोकळ्या खणांवर पत्र्याच्या झाकणपट्ट्या, प्रत्येक पट्टीला दोन टोकांना दोन स्क्रू. चार पट्ट्या, आठ स्क्रू. हे लक्षात ठेवा हां, पुढं लागणार आहे.

तो बसवताना कदमकाकांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. आधी आतली सगळी कार्डं काढून बाजूला ठेवली, रिकामा सांगाडा चौघांनी उचलला, कुणी यंत्राच्या पोटातल्या पंख्याच्या कडीला हात लावला तर ओरडले, कडी त्याची आहे, सांगाड्याची नाही, उपटेल. मग मनगटाला तो पट्टा बांधला, त्याची तार सांगाड्याला, म्हणजे आपल्या अंगातली वीज कार्डात जाऊ नये. मग कार्ड दोन्ही हातांनी खालून धरून, दोन्ही रुळांवर टेकवून असं सरकवलं की आवाज नाही, आणि शेवटी दोन्ही बाजूंचे खटके एकदम मिटले, एकदम, एक आधी आणि एक मागून नाही. मी विचारलं एवढं काय त्याचं, तर म्हणाले मागं शेकड्यांनी पिना आहेत, एक वाकडी झाली तर खण गेला, खण गेला तर सांगाडा गेला. आणि मग त्यांनी चालू यंत्रातून मेंदूचं एक कार्ड बाहेर ओढून दाखवलं, रीतसर विचारून, यंत्राला आधी सांगून, आणि बाकीच्यांना पत्ताच नाही. पंगत बसलेली असताना एक वाढपी बदलला आणि जेवणाऱ्याला कळलं नाही, असं. बाई, मी तर बघतच राहिले. माणसानं काय काय बनवलंय, आणि ते हाताळणारा माणूस लांज्याच्या एसटीनं येतो.

दर महिन्याच्या एक तारखेला काका तपासणी करायचे आणि वहीत लिहायचे. जाळी साफ केली, पंखे चालू, तापमान इतकं, झाकणपट्ट्या चार, स्क्रू आठ, जागेवर. सही. मी म्हटलं पण पट्ट्या कशाला लिहायच्या, त्या कुठं पळून जातात. ते म्हणाले, लिहिलं नाही तर पळतात.

आता जे झालं ते सांगते. सात वर्षं झाली त्याला. एप्रिल महिना, रत्नागिरीचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे, अंगाला कपडा चिकटतो. यंत्राच्या खोलीतला एसी आदल्या दिवसापासूनच बंद, दुरुस्तीचा माणूस कोल्हापूरहून उद्या सामान घेऊन येणार होता. आणि काका नेमके भाचीच्या लग्नाला गावी, दोन दिवस रजेवर. सकाळी मी खोलीत गेले तर चौतीस डिग्री. तो स्विच असा घरघरत होता, आणि मला काय वाटलं सांगू, बिचाऱ्याला उकडतंय. आमच्या कोकणात उकडलं की पहिलं काय करतात, दार उघडतात. पुढचं दार, मागचं दार, वारा खेळू दे. पट्ट्या धुळीसाठी असतात असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून पावणेदहाला मी चारी पट्ट्या काढल्या, आठ स्क्रू खिशात टाकले, समोर उभा पंखा लावला, आणि हात घालून बघितलं तर आत झुळूक. बरं वाटलं हो मला. वाटलं, काका नसताना आपण काहीतरी शहाणपण केलं.

बारा वाजून वीस मिनिटांनी तिसरं कार्ड गेलं. आधी दिवा पिवळा, मग लाल, मग काहीच नाही. स्वतःहून बंद झालं ते, जळू नये म्हणून. ओपीडी गेली, लॅब गेली, केसपेपरच्या खिडकीवर एकशेबारा माणसं. हा आकडा नंतर कागदावर आला म्हणून माहीत आहे. मी कार्डाला बोट लावलं तर चटका. जिन्यावर आमच्या व्यवस्थापक साहेबांच्या चपलांचा आवाज आला, जिना एकोणीस पायऱ्यांचा, आणि तेवढ्या वेळात मी पट्ट्या उचलल्या, एकेका पट्टीला एकेक स्क्रू बोटांनीच अडकवला आणि पंखा कोपऱ्यात ढकलला. साहेब आत आले, म्हणाले काय झालं. मी म्हटलं, एसी बंद आहे ना साहेब.

तेवढंच म्हटलं. खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं ना.

पाऊण तासानं कार्ड निवलं आणि आपलं आपण उठलं. कुणाला इजा झाली नाही, एवढं नशीब. पण त्याच जूनमध्ये मला कायम करायचं घाटत होतं, मुलगी बारावीला, आणि खिशात चार स्क्रू. काका लग्न सोडून संध्याकाळच्या एसटीनं आले, खांद्यावर तसाच लग्नातला टॉवेल. बसले आणि यंत्राची नोंद वाचायला लागले. यंत्र सगळं लिहून ठेवतं, तेही त्यांच्यासारखंच. म्हणाले, काल खोली चौतीस, कार्ड बावन्न. आज खोली चौतीसच, आणि कार्ड पंच्याहत्तर. पावणेदहानंतर चढायला लागलंय. बाय, पावणेदहाला काय झालं गो. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त हं म्हणाले.

घरी आले. बाबांना फोन लावला, रोज लावते तसा. सांगितलं यंत्र बंद पडलं होतं, पण झालं दुरुस्त. बाबा सत्तरीच्या घरात, ऐकायला कमी येतं, पण विचारलं काय, तर आत किती, बाहेर किती. सवयीनं हो, त्यांना काय माहीत. मी म्हटलं, आत आठ, बाहेर चार. ते म्हणाले, मग जेवू नको, जाऊन शोध. मी म्हटलं, सापडलेत बाबा, माझ्याकडेच आहेत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांच्या केबिनमध्ये बैठक. साहेब म्हणाले, कदम, तुमचं आता वय झालं, न बघता सह्या करता, जाळी साफ केली लिहिता आणि कार्डं बंद पडतात. काकांची निवृत्ती दीड महिन्यावर. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या वहीत एक खाडाखोड नाही, आणि शेवटचा शेरा हा पडणार. आणि काका काय म्हणाले, ते म्हणाले, खोली माझ्या ताब्यात आहे साहेब, माझं नाव लिहा. यंत्र वेळ सांगतं, हात सांगत नाही. असंच म्हणाले, आणि वर छताकडे बघत बसले.

मी उठले आणि ते चार स्क्रू टेबलावर ठेवले. एवढासा आवाज झाला. म्हटलं, साहेब, पट्ट्या मी काढल्या, वारा लागू दे म्हणून. परत लावताना घाईत निम्मेच लावले, हे उरलेले. काकांची सही खरी आहे, एक तारखेला आठ होते.

साहेब म्हणाले, वारा? तीनदा म्हणाले. वारा?

मला लेखी ताकीद मिळाली, ती अजून फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे, आणि कायम व्हायचं पुढच्या जूनवर गेलं. ते बरोबरच होतं. काकांच्या नावावर शेरा आला नाही. काका केबिनबाहेर आले, जिना चढले, एकोणीस पायऱ्या. खोलीत गेल्यावर स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला, म्हणाले, तू घाल, मी मोजतो. मी घातले. मग म्हणाले, घरी चूल आहे ना गावाला. फुंकणी असते ना. फुंकणीला चार भोकं पाडलीस आणि म्हणतेस चूल का पेटत नाही. वारा सगळा भोकांतून गेला, कार्डापर्यंत पोचला कुठे. पट्ट्या धुळीसाठी नाहीत गो, वाऱ्याला वाट दाखवायला आहेत. एवढं सोपं होतं, बघा. आणि मग वही उघडून त्यांनी लिहिलं, झाकणपट्ट्या चार, स्क्रू आठ, जागेवर, आणि सहीच्या जागी बोट ठेवून म्हणाले, इथं तू कर. मी म्हटलं, काका, मी? कालच तर मी हे केलं. ते म्हणाले, म्हणून तर.

तेव्हापासून सही माझी. सात वर्षांत एक तारखेच्या चौऱ्याऐंशी सह्या झाल्या, पंधरा दिवसांपूर्वीची धरून. काका गावी असतात, कलमं सांभाळतात, आणि दर एप्रिलला फोन येतो, काय गो, वारा देत नाहीस ना त्याला.

या एप्रिलला तो स्विच काढला, नऊ वर्षं चालला, आणि नवीन आला, तेरा खणांचा. मी काकांना बोलावलं. डोकीवर टोपी, हातात दोन डझन हापूस, जिना चढताना तीनदा थांबले. मी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. हात पाठीमागे बांधून उभे राहिले, यंत्राजवळ माझे बाबा उभे राहायचे तसे. सांगाडा रिकामा करून उचलला, मनगटाला पट्टा बांधला, कार्डं सरकवली, खटके एकदम मिटले. हाताखालच्या पोरीनं पंख्याची कडी धरली तेव्हा मी ओरडले, आणि काका हसले, पहिल्यांदाच, दात दाखवून. नव्यात पाच खण मोकळे. पाच पट्ट्या लावल्या. काका ओठांतल्या ओठांत मोजत होते. दहा, म्हणाले. मी म्हटलं, दहा.

काय सांगू तुम्हाला आणखी. बाबा गेल्या वर्षी गेले. संध्याकाळी फोन लावायचा हात अजून थांबत नाही. पण खोली बंद करताना मी मोठ्यानं विचारते, आत किती, बाहेर किती, आणि पोरी उत्तर देतात, मग आम्ही चहा घेतो. लिहून घेतलंत ना सगळं? आकडे परत एकदा बघा. तुमचं मंगल होवो, सगळ्यांचं मंगल होवो, आणि दिवे हिरवे राहोत.