साहेबांच्या हौदातलं गवत

(पिंपरी, १९७४. कामगारांच्या चाळीतली एक खोली, दुपारची वेळ. भीमराज खाटेवर, उजवा हात पट्ट्यांत गुंडाळलेला. त्याची बायको कस्तुरा स्टोव्हपाशी. शेजारच्या मशीनवरचा सोपानराव दुसऱ्या पाळीला जाता जाता आला आहे.)

कस्तुरा : चहा नंतर. आधी सांगा भाऊजी, साहेबापुढं काय बोललात?

सोपानराव : बोललो की वहिनी. जे ठरलं व्हतं त्येच बोललो. कंपनीचाच जॉब चालू व्हता, पत्रा अडकला, भीमराज काढाया गेला आन् प्रेस खाली आली. आईची आण, आसंच बोललो.

कस्तुरा : मग?

सोपानराव : मग सायबानं ड्रावर उघडला. त्यातनं त्ये काढलं आन् टेबलावर ठिवलं. म्हणला, सोपान, हे कुठल्या गाडीच्या पार्टाला लागतं?

भीमराज : काय काढलं?

सोपानराव : तुझं त्ये गवात, राव. दोन पत्र्यांच्या मधी गावलं त्यास्नी.

भीमराज : चिकटलं होतं?

कस्तुरा : अहो! चार बोटं गेली तुमची, आणि तुम्ही काय विचारताय?

भीमराज : विचारू दे गं. सोपान, पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या का सुट्या होत्या?

सोपानराव : चिकटल्या व्हत्या. पार एकजीव. जाडसर कागदच म्हण की. आता रगतानं चिकटल्या का कशानं, द्येवाला ठावं.

भीमराज : रक्तानं नाही. त्याच्या रसानंच चिकटतं ते. रात्रशाळेतले गुरुजी तेच सांगत होते. म्हणजे झाला होता कागद.

कस्तुरा : झाला! ऐका, झाला म्हणे! भाऊजी, महिनाभर या माणसानं डोकं खाल्लं माझं. साहेबांच्या ऑफिसापुढल्या हौदातनं ते गवत आणायचं, माळ्याला विडी देऊन. सोलायचं, आतला गर चिरायचा, आडव्यावर उभ्या पट्ट्या मांडायच्या आणि माझ्या वरवंट्यानं ठेचत बसायचं. चटणीला पाटा मागितला तर म्हणे थांब, कागद होतोय. झाला का कधी? नुसता लगदा.

सोपानराव : आमच्या इंद्रायणीला लव्हाळं हाय ना बक्कळ, त्यातलाच परकार दिसतोय.

भीमराज : त्याच जातीचं, पण हे पपायरस. इजिप्तमधलं. पूर्वी त्याच्यावरच लिहायचे तिकडे. गुरुजींनी चित्र दाखवलं होतं. चार हजार वर्षांपूर्वीचं लिहिलेलं अजून वाचता येतं, सोपान. राजे गेले, देव गेले, लिहिलेलं राहिलं.

कस्तुरा : आणि आपल्याला काय लिहायचं होतं चार हजार वर्षांचं? वाण्याकडं कागद मिळत नव्हता?

भीमराज : बापाचं नाव लिहायचं होतं.

सोपानराव : बापाचं?

भीमराज : सदबा. जन्मभर चावडी झाडली त्यानं, पण गावच्या दप्तरात नाव कुठंच नाही. महार असामी एक, एवढंच लिहायचे. फोटो नाही, काही नाही. मला लिहायला यायला लागलं तोवर तो गेला. म्हटलं, एकदाच लिहू, पण टिकेल असं लिहू. वेड्याचा बाजार म्हण हवं तर.

कस्तुरा : वेड्याचाच. मेल्या माणसाच्या नावासाठी जित्या माणसाचा हात घालवला.

सोपानराव : वहिनी, आसं तोडून नगा बोलू.

कस्तुरा : मग कसं बोलू? गोड बोलू? हा हात घर चालवत होता भाऊजी. जेवण भरवतेय मी त्यांना, लहान लेकराला भरवावं तसं. आणि तुम्ही तिथंच होता ना बाजूला? दिसलं नाही तुम्हाला?

सोपानराव : मी डबा खात व्हतो. मोटार बंद केल्याली म्या सोता बघितली, म्हणून तर बिनघोर बसलो.

भीमराज : त्याला नको बोलू. मोटार बंदच होती. घरी कागद होईना म्हणून पट्ट्या प्रेसखाली दाबून बघणार होतो. जोराचा दाब नको होता मला, हातानंच चाक फिरवून हळू खाली घ्यायचं होतं. पण मोटार बंद केली तरी ते मोठं चाक फिरत राहतं. ते थांबेपर्यंत थांबायचं असतं.

कस्तुरा : माहीत होतं तर थांबला का नाहीत?

भीमराज : जेवणाची सुट्टी संपत आली होती, भोंगा व्हायची वेळ झाली होती. म्हटलं, चाक थांबेपर्यंत पट्ट्या सरळ करून घेऊ. वरचा पत्रा ठेवला. एक पट्टी वाकडी दिसली म्हणून बोटानं सारली. आणि पाय पडला पायडलवर.

कस्तुरा : कुणाचा पाय?

भीमराज : माझाच. आठ वर्षं तेच करतोय ना. पत्रा नीट बसला की पाय आपसूक दाबतो, त्याला सांगावं लागत नाही. त्या दिवशी पण नाही सांगितलं.

सोपानराव : आमचं समद्यांचं तसंच हाय वहिनी. घरी जेवाया बसलो तरी पाय हालतो.

कस्तुरा : युनियनवाले कुठं मेले मग? वर्गणीला बरोबर दारात येतात.

सोपानराव : फॉरेन जॉब म्हणल्यावर त्यांनी हात वर क्येलं. कंपनीच्या मशीनवर घरचं काम, त्याला आमी काय करणार म्हणत्यात.

कस्तुरा : आणि फोरमननं गणपतीच्या मखराच्या पट्ट्या कुठं कापल्या? यांच्याच मशीनवर! यांनीच कापून दिल्या! स्टोरबाबूच्या कपाटाच्या फळ्या, त्या साहेबाच्या कुत्र्याचं ताट, ते सगळं कंपनीचं काम होतं काय?

सोपानराव : बराबर हाय तुमचं. पन त्यांची बोटं शाबूत हायती ना.

भीमराज : काढून टाकणार ना मला? सरळ सांग. तू आल्यापासून टोपी काढून हातात फिरवतोयस.

सोपानराव : काढत न्हाईत. त्येच सांगाया धाडलंय मला. उद्याच्या चौकशीत तू सोता कबूल व्हायचं, घरचा जॉब व्हता, चूक माझी, भरपाई नगं. मग कामावर ठिवतो म्हणत्यात.

कस्तुरा : ठेवतात? खरंच? मग हे आधी नाही का सांगायचं! बसा, चहा टाकते.

भीमराज : थांब. कुठल्या कामावर, सोपान?

सोपानराव : आता मशीनवर तर न्हाई जमायचं...

भीमराज : स्टोरला? गेटवर? नोंदी करायला डाव्या हाताला शिकवीन मी.

सोपानराव : त्या जागा भरल्यात म्हणत्यात.

भीमराज : मग?

सोपानराव : झाडायला.

कस्तुरा : काय?

सोपानराव : झाडलोट, वहिनी. शॉप झाडायचं, त्येल पुसायचं. आन्... संडास बी त्यातच धरलंय. म्या म्हणलो सायबाला, ह्यो प्रेस ऑपरेटर हाय, शिकल्याला मानूस हाय. त्यो म्हणला, त्येंच्यातल्यांस्नी सवय आसती.

कस्तुरा : नाही. अजिबात नाही. झाडू हातात धरायचा नाही म्हणून गाव सोडलं यांनी. बुद्धाच्या फोटोपुढं शपथ घेतली माझ्यासमोर. सांगा जाऊन त्याला, उपाशी मरू म्हणावं.

भीमराज : कस्तुरा.

कस्तुरा : काय कस्तुरा? मी जाते भांडी घासायला. प्राधिकरणात बंगले होतायत, मिळेल मला काम.

भीमराज : तू दुसऱ्याची भांडी घासायची आणि मी खाटेवर बसून बघायचं?

कस्तुरा : मग गावाकडं जाऊ.

भीमराज : गावाकडं काय आहे आपलं? चावडीच आहे. एका हाताच्या माणसाला पाटील दुसरं काय देणार?

कस्तुरा : बोला ना भाऊजी तुम्ही काहीतरी! मित्र ना तुम्ही?

सोपानराव : काय बोलू, वहिनी? रातभर झोपलो न्हाई.

भीमराज : तो कागद कुठंय आता?

सोपानराव : सायबानं टोपलीत टाकला. म्या उचलाया वाकलो, तर फोरमन म्हणला, ऱ्हाऊ दे.

भीमराज : राहू दे. खरंच राहू दे. लिहिणार तरी कोण होतं आता.

कस्तुरा : अहो, असं नका ना म्हणू. मी रागानं बोलले मघाशी.

भीमराज : खरं तेच बोललीस. सोपान, साहेबाला सांग, येतो म्हणून.

कस्तुरा : नका ना हो.

भीमराज : फक्त एवढं बघ. आपलं शॉप सोडून दुसरं कुठलंही दे म्हणावं. पेंटशॉप, फौंड्री, कुठलंही.

सोपानराव : इचारलं, राव. तू म्हणायच्या आधीच इचारलं. जागा तिथंच हाय म्हणला.

भीमराज : बरं.

कस्तुरा : कुठल्या पाळीला?

सोपानराव : पाळीच्या आधी. पयली पाळी आत यायच्या आत झाडून झालं पायजे.

भीमराज : मग बरंय. कुणी बघणार नाही.