मांडवात आलेली चक्कर

माझा जन्म कोलशेतचा, खाडीकाठच्या आगरी घरातला. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी टेम्पो चालवला, आणि मी विमान चालवते, म्हणजे चालवत होते, आता नेमकं काय म्हणायचं ते माझं मलाच कळत नाही. वैमानिकाचं सगळं त्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर उभं असतं, ते गेलं की शिक्षण, अनुभव, सगळं शून्य.

चुलतभावाची हळद होती. मला उपास, मांडवात उकाडा, कानाशी बँड, आणि मी उभ्या उभ्या गळाले. आता आमच्याकडे हळदीत बाईने डोळे फिरवले म्हणजे अंगात देवी आली, आणि देवीला जमिनीवर पडू देत नाहीत. आत्याने काखेत हात घालून मला उभी धरली, दोघींनी मागून टेकू दिला, कपाळाला कुंकू फासलं, आणि तशी धरल्यावर माझे हातपाय झटके देऊ लागले, तर आत्या आणखी घट्ट धरून ओरडली, आली गो बाय, आई आली!

जवळच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी झटके आले एवढंच ऐकलं आणि म्हणाले, ही फिट आहे, एपिलेप्सी, गोळ्या सुरू करा, विमान विसरा. आत्या हळदीच्या हातांनी समोर उभी, सांगू का डॉक्टर काय जाला ते, म्हणत होती, तर तिला म्हणाले, मावशी, बाहेर थांबा. काय सांगू तुम्हाला, ते बाहेर थांबा आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

घरी काकांचं वेगळंच. कुणाला कळवू नकोस, गुपचूप गोळ्या घे आणि उड. मी म्हटलं, काका, माझ्या मागे माणसं बसलेली असतात हो! दुसऱ्याच दिवशी मी स्वतः कंपनीत कळवलं, उड्डाणं थांबवून स्वतःला जमिनीवर बसवून घेतलं. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेते म्हटल्यावर कंपनीचे वैद्यकीय अधिकारी हसले, म्हणाले, म्हणजे तुला हवं ते बोलणारा डॉक्टर शोधणार. किती संताप आला असेल मला!

डोंबिवलीच्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंना मी आधीच सांगितलं, फिट असेल तर फिटच सांगा. त्यांनी तपासण्या केल्या, सगळ्या नॉर्मल निघाल्या. मग विचारलं, पडताना कुणी पाहिलं, त्यांना आणा. मी आत्याला घेऊन गेले, तिने तिथेच मला काखेत धरून दाखवलं, अशी पकरली, खाली परू नाय दिली. बाई चिडल्याच. अहो, बेशुद्ध माणसाला उभं धरलं तर मेंदूला रक्त पोहोचत नाही, त्याने झटके येतात, ही फिट नव्हे. आडवी झोपवली असती तर लगेच शुद्धीवर आली असती. आत्या रडायला लागली. मी तिच्यावर रागावले नाही, माझा राग तिला बाहेर उभं करणाऱ्यावर आहे, त्याने तिचं ऐकलं असतं तर कदाचित इतकं झालंच नसतं.

दोन्ही डॉक्टरांची मतं आता विमान वाहतूक खात्याच्या वैद्यकीय मंडळापुढे आहेत. निर्णय यायचा आहे, तोवर मी घरी. काय येईल ते येवो. आत्या रोज येते, डोक्यावरून हात फिरवते आणि म्हणते, जाशील गो बाय वर. पन आता कवा बी परलीस, तर मी तुला उबी नाय कराची.